पंक्चरवाल्याकडचे दहा सेकंद

इस्म्या, तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. चांगलं बोलणारे तुला चिक्कार मिळाले. कब्रस्तानाबाहेर जो तो सांगत होता, काय दिलदार माणूस, काय हसरा माणूस. हसरा! शाळेपासूनची सगळी वर्षं मी तुझ्या शेजारी काढली. तू हसलास ते फक्त मी कुठं चुकलो की. मी तिथंच उभा होतो. तुझ्यावर टाकलेली मूठभर माती अजून नखांत होती आणि डोक्यात एकच चाललं होतं, की हा माणूस मला फसवून गेला.

आज बेचाळीस दिवस झाले. राग उतरेल असं वाटलं होतं, उतरला नाही. उलट रोज दुकान उघडलं की वाढतो. तुझी ती खाट अजून तिथंच आहे. काढायला गेलो दोनदा, हात लावला आणि ठेवली परत.

या खाटेवर तू पहिल्यांदा पडलास तो गेल्या वर्षी. त्याआधी तुझं येणं म्हणजे पाच मिनिटांचं. दुधाचा टँकर पुण्याला रिकामा करून संगमनेरला परत आलास की स्टँडमागच्या माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात डोकं घालायचं, गल्लीला ऐकू जाईल असं ‘जयभीम मिल्या’ ओरडायचं, मी ‘वालेकुम’ म्हणायचो, माझा अर्धा चहा प्यायचा आणि चालू लागायचं. सोळा वर्षं तू टँकर चालवलास. मग चंदनापुरीच्या घाटात तो आडवा झाला. सगळं दूध रस्त्यावरून वाहत गेलं. तू म्हणालास ब्रेक गेले. ठेकेदार म्हणाला ड्रायव्हरला डुलकी लागली. गाव ठेकेदाराच्या बाजूनं झालं, कारण ते सांगायला सोपं होतं. तुझी गाडी गेली आणि तू सकाळी दहापासून माझ्या खाटेवर येऊन पडायला लागलास.

मी तुला कधी विचारलं नाही की खरं काय. तूही सांगितलं नाहीस. आपल्यात बोलणं म्हणजे भांडण, बाकी काही बोलायची पद्धतच नव्हती.

ते करड्या रंगाचं खोकं तूच आणलंस. तुझा मेव्हणा दुबईहून घेऊन आला होता. टीव्हीला जोडून खेळायचं, आतून जपानी. शहाण्यानं शंभर व्होल्टवर चालणारं जपानचं खोकं थेट आपल्या भिंतीतल्या प्लगला लावलं आणि धूर काढला. मी सप्लाय बदलला, वेगळा ट्रान्सफॉर्मर बांधला, चालू करून दिलं. तोवर मेव्हणा परत गेला होता आणि खोकं आपल्या गळ्यात पडलं. सोबत एकच सीडी, गाड्या चालवायची. सगळा मजकूर जपानी. आपण ओळी मोजून पाठ केलं: तिसऱ्या ओळीत टायर, पाचव्या ओळीत इंजिन.

पहिले चार दिवस तू खाटेवरून टोमणे मारत होतास. ही काय गाडी हाय का, चित्र हाय नुसतं, म्हणायचास. मग एकदा मी वळणात ब्रेक उशिरा मारला आणि गाडी सरळ जाऊन भिंतीला भिडली. तू उठून बसलास. परत कर म्हणालास. मी परत केलं, गाडी परत तशीच गेली. तू चहा खाली ठेवलास, माझ्या हातातला रिमोट काढून घेतलास आणि पहिल्याच फटक्यात त्या वळणातून अशी गाडी काढलीस की मला माझी लाज वाटली. त्या दिवशी तुझा चेहरा मी बघितला होता. घाटानंतर पहिल्यांदा तू कुणाला तरी काहीतरी करून दाखवलं होतंस. त्याचा मला आनंद झाला होता. तेही तुला सांगितलं नाही, कारण लगेच तू शिकवायला सुरुवात केलीस.

आणि मग ती साठ राउंडची शर्यत. एका दमात साठ, म्हणजे दोन तास. मध्ये सेव्ह होत नाही. जिंकलं की एक गाडी मिळते, ती दुसरीकडं कुठंच मिळत नाही. विरुद्ध पाच गाड्या, त्यातली पांढरी कधीच चुकत नाही. मी म्हटलं, सोप्पं आहे, सगळ्यात ताकदीचं इंजिन टाकू आणि सुटू. टाकलं. दहाव्या राउंडला टायर संपले. पडद्याच्या कोपऱ्यात टायरचे चार चौकोन असायचे, आधी हिरवे, मग पिवळे, मग लाल. लाल झाले की गाडी साबणावरून गेल्यासारखी घसरायची. तू मागून म्हणालास, ताकद कमी कर. मी म्हटलं, शर्यत आहे, वरात नाही. तीन वेळा हरलो तेव्हा कुठं ताकद कमी केली. ‘तुझं बरोबर होतं’ हे वाक्य माझ्या तोंडून मात्र निघालं नाही.

तुझी अक्कल दुधाची होती. अर्धा भरलेला टँकर हा सगळ्यात वाईट, तू सांगायचास. भरलेला बरा, रिकामा बरा, पण अर्ध्यात दूध हलतं, वळणात एका अंगाला धावतं आणि गाडीला सोबत नेतं. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यात, हळू हळू दाबत न्यायचा. स्टेअरिंग एकदाच फिरवायचं. ‘दूध हललं का गाडी तुजी न्हाई, दुधाची,’ हे तू मला शंभरदा ऐकवलंस. मी म्हणायचो, यात दूध कुठं आहे? तू म्हणायचास, हाय समज. आणि तू दूध आहे असं समजून चालवायचास तेव्हा टायर पंधरा राउंड टिकायचे. माझ्या हातात अकरा.

मी शाळेच्या वहीत प्रत्येक राउंडची वेळ लिहून काढली, कारण मला तुझ्या दुधापेक्षा आकड्यावर विश्वास. त्यातून निघालं ते असं. पंधरा राउंडनंतर दर राउंडला दोन-तीन सेकंद जातात, आणि घसरलं की वेगळे. टायर बदलायला आत जायचं तर त्यात सगळं मिळून वीस सेकंद जातात. म्हणजे तीनदा थांबलेलं परवडतं. पंधरा, तीस, पंचेचाळीस. टायर बदलायच्या त्या जागेला तू पहिल्यापासून पंक्चरवाला म्हणायचास, मीही तेच म्हणायला लागलो. गाडी तिथं उभी राहिली की दहा सेकंद आपल्या हातात काही नसायचं, पडद्यावरची माणसंच चाकं बदलायची. रिमोट बदलायचा तो त्या दहा सेकंदांतच, हा तुझा नियम. आणि पॉजचं बटण दाबायचं नाही, हाही तुझाच. मी एकदा लघवीला जायला पॉज केलं तर तू अर्धा दिवस बोलला नाहीस. शेवटी म्हणालास, घाटात पॉज असतो का रे? मी म्हटलं, नसतो बाबा. झालं. तेव्हापासून पॉज म्हणजे चिटिंग. कसला भिकार नियम केलास रे.

एकदा तर बावन्नाव्या राउंडला आपण पहिले होतो आणि लाईट गेली. तू त्या काळ्या पडद्याकडं बघत बसलास, मी वीज बोर्डाच्या सात पिढ्या काढल्या. त्यावर मी दोन टेम्पोच्या बॅटऱ्या आणल्या, इन्व्हर्टर बांधला, टीव्ही आणि खोकं त्यावर घेतलं. तू इन्व्हर्टरभोवती फिरून बघितलंस आणि म्हणालास, तुला येतं रे हे. एवढंच. पण तुझ्याकडून तेवढं म्हणजे फार होतं. मी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

गुरुवार ठरवला. गुरुवारी गल्लीची लाईट दिवसभर बंद असते, म्हणजे गिऱ्हाईक येत नाही. दुपारी एकला शटर अर्धं ओढलं. तू आलास तो तोंड वाकडं करूनच. जयभीम नाही, काही नाही. सकाळपासून गॅस झालाय म्हणालास, पाण्यात खायचा सोडा टाकून प्यालास, डावा खांदा चोळत बसलास. मी म्हटलं उद्या करू. तू म्हणालास उद्या लाईट असंल, गिऱ्हाईक असंल, आजच. मी ऐकलं. इथं मी ऐकायला नको होतं, पण मला तरी कुठं थांबायचं होतं.

पहिले पंधरा तू चालवलेस, दूध न हलवता. दुसरे पंधरा मी, शेवटचे तीन-चार लाल चौकोनांवर कसेबसे. तिसाव्याला तुला रिमोट दिला तेव्हा आपण दुसरे होतो, पांढरी पुढं होती पण दिसत होती. वही माझ्या मांडीवर, सगळं आखल्याप्रमाणं. पंचेचाळीसपर्यंत तू, मग शेवटचे पंधरा मी. चाळिसावा राउंड झाला. एकेचाळिसाव्याला तू गाडी आत घातलीस.

मला कळेचना. पंक्चरवाला चार राउंड लांब होता. मी टायरचे चौकोन बघितले, पिवळे होते, लाल नव्हते. मी ओरडलो, अरे का? तू रिमोट माझ्या हातात कोंबलास आणि म्हणालास टायर गेले. सोळा वर्षांत टायरबद्दल तू खोटं बोलला नसशील. तिथं बोललास. आणि मला, वही घेऊन बसलेल्या शहाण्याला, ते खोटं आहे एवढं कळलं, का बोलला ते कळलं नाही. मला वाटलं, घाबरला. पांढरीला घाबरला आणि शेवटची जबाबदारी माझ्यावर ढकलली.

तू उठून मागं खाटेवर गेलास. मी पडद्याला चिकटलो. आता एकोणीस राउंड एका टायरवर काढायचे होते. तू मागून म्हणालास, बावन्नला आजून एकदा पंक्चरवाल्याकडं जा. मी म्हटलं, जात नाही, तू घातलेला घोळ आहे, मी ओढतो शेवटपर्यंत. तू म्हणालास, न्हाई टिकायचे. मी म्हटलं, टिकवतो. मग तू ते म्हणालास.

“तुला गाडी येते का रे? नुसती बटनं दाबतो तू.”

आणि मी, पडद्यावरची नजर न काढता, म्हटलं,

“चंदनापुरीला टँकर कुणी आडवा केला, मी का तू? गप बस आता.”

आयुष्यात तू माझं एक ऐकलं नाहीस. हे ऐकलंस.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. दोन-तीन राउंड मला फार बरं वाटलं. वर्षभर ज्या जागेला कुणी हात लावत नव्हतं तिथं मी बरोबर बोट घातलं होतं आणि तुझं तोंड बंद झालं होतं. चव्वेचाळिसावा असेल, मागं तुझा स्टीलचा ग्लास पडला. घरंगळत आला, माझ्या पायाला लागला. मला वाटलं, रागानं फेकला. मी लाथेनं बाजूला सारला. पॉजचं बटण माझ्या अंगठ्यापासून बोटभर लांब होतं, इस्म्या. बोटभर.

बावन्नाव्याला चौकोन लाल झाले. मी गेलो नाही पंक्चरवाल्याकडं. त्रेपन्नाव्याला पुलाखालच्या वळणात गाडी घसरली, भिंतीला घासली, दोन गाड्या पुढं निघून गेल्या. मग गेलो. नाक मुठीत धरून आत गेलो. तू म्हणाला होतास तसाच, फक्त एक राउंड उशिरा.

गाडी उभी राहिली. दहा सेकंद. हातात काही नाही. पडद्यावरची माणसं चाकं काढतायत. त्या दहा सेकंदांत मला मान वळवायची होती, एवढंच काम होतं जगात. मी वळवली नाही. मला वाटलं, तू खाटेवर बसून दात काढत असशील. बघ, आलास का शेवटी, असं तोंड करून. ते तोंड मला बघायचं नव्हतं. म्हणून मी तिथंच, माझ्याशी काही देणंघेणं नसलेल्या त्या जपानी माणसांकडं बघत बसलो.

नवीन टायरवर सात राउंड मी तुझ्यासारखे चालवले. ब्रेक वळणाच्या आधी. स्टेअरिंग एकदाच. दूध हललं नाही. एकेक गाडी मागं टाकत गेलो आणि साठाव्याच्या शेवटच्या वळणात पांढरीच्या आतल्या बाजूनं गाडी पुढं काढली. जिंकलो. तेव्हा मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, पडद्याकडंच तोंड करून म्हटलं, कारण तुझ्या तोंडावर म्हणायची हिंमत अजून झाली नव्हती. ‘इस्म्या, तुझंच खरं रे.’ शाळेपासून पहिल्यांदा. आणि मग वळलो.

तू कुशीवर होतास, भिंतीकडं तोंड करून. रुसल्यावर झोपायचास तसा. मी पाठीवर थाप मारली.

पुढचं तुला काय सांगायचं. रिक्षा, दवाखाना, स्ट्रेचर. डॉक्टर म्हणाले अर्धा तास तरी झाला असेल. मी विचारलं, लगेच आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. माणसानं एक तर हो म्हणावं नाही तर नाही म्हणावं. हे ‘सांगता येत नाही’ घेऊन मी बेचाळीस दिवस हिंडतोय.

म्हणून म्हणतो, फसवलंस. छातीत दुखतंय, एवढं दोन शब्दांचं बोलायचं होतं. ‘पॉज कर’ म्हणायचं होतं. तुझा तो नियम मोडला असता तर काय घाट कोसळणार होता? टायर गेले म्हणे. गाडी किती चांगली कळायची तुला, मग स्वतःचं इंजिन बसतंय ते कळलं नाही का? कळलं असणार. कळलं म्हणूनच चार राउंड आधी आत आलास. आणि पंक्चरवाल्यापर्यंत मात्र थांबलास, मधेच रिमोट टाकला नाहीस, नियम पाळलास. अरे, कुणासाठी? मी काय तुझा ठेकेदार होतो?

आणि दुसरं. दवाखान्यात शमीमभाभी धावत आली, माझी बाही धरली आणि म्हणाली, कलमा पढला का त्यानं शेवटी? मी हो म्हटलं. मला कलमा कुठं येतो, तू पढला असतास तरी मला काय कळलं असतं? पण म्हटलं, पढला. तिनं बाही सोडली. मग ती प्रत्येकाला सांगायला लागली, मिलिंदभाऊ जवळ होते, कलमा पढत गेला. मोहल्ल्यातली म्हातारी माणसं माझा हात हातात घेऊन नशीबवान म्हणायला लागली. तू ज्याच्यासमोर गेलास तो नशीबवान! मी मान डोलवत होतो आणि मनात तुला शिव्या देत होतो.

परवा तुझं चाळिसावं झालं. गर्दीत बोलता येईना, म्हणून काल दुपारी एकटाच घरी गेलो. शमीमभाभी तांदूळ निवडत बसली होती. मी भिंतीला टेकून बसलो आणि सगळं सांगितलं. एकेचाळिसावा राउंड, तुझं वाक्य, माझं वाक्य, ग्लास, दहा सेकंद, सगळं. कलमा खोटा होता हेही. मला वाटलं होतं ती सूप फेकून मारेल. मारायलाच पाहिजे होतं, त्यासाठीच गेलो होतो.

ती तांदूळ निवडत राहिली. मग तिनं तुझी खोड सांगितली. दुखलं की बोलायचं नाही, भांडण काढायचं. दाढ दुखली तेव्हा आठवडाभर घरात भांडलास, शेवटी गाल सुजला तेव्हा कळलं. त्या गुरुवारी सकाळीही तिच्याशी भांडलास म्हणे. चहात साखर कमी म्हणून कप आपटलास. एवढं बोलून तिनं हातातलं काम थांबवलं.

“म्या म्हनलं हुतं, जा तुज्या मिल्याकडं, आन् तितंच मर,” ती म्हणाली. “म्हनून इचारलं मी कलम्याचं. माजं बोलनं शेवटचं न्हाई व्हावं म्हनून.”

मी इतके दिवस समजत होतो की हे ओझं माझ्या एकट्याचं.

मग तिनं एवढंच म्हटलं, “तुमी ते तसंच ऱ्हाऊ द्या. पढला म्हना. मी बी म्हनते.” ठीक आहे म्हटलं. आता आम्ही दोघं मिळून तुझ्याबद्दल खोटं बोलतो. तुला आवडेल तर आवडू दे, नाही तर नाही.

एक गोष्ट राहिली, ती काल तिला सांगितली, आता तुला सांगतोय. माझ्या आईला पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं ते तुझ्या टँकरच्या केबिनमध्ये. टाके ओले होते तिचे. डॉक्टर म्हणाले होते, धक्का लागू देऊ नका. रात्रभर जागी असलेली ती म्हातारी राजगुरुनगरला झोपली ती चंदनापुरीचा घाट ओलांडून आपल्या पुलावर येईपर्यंत उठली नाही. असा चालवणारा माणूस घाटात डुलकी घेत नाही. ब्रेकच गेले होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गावातल्या एकालाही मी तसं म्हणालो नाही आणि तुझ्या तोंडावर तर उलटंच म्हणालो. भाभीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. म्हणाली, हे त्याला ऐकायचं होतं भाऊ, वर्षभर तुमच्याकडं त्यासाठीच येत होता.

नालायका, विचारायचं होतंस ना मग.

ती उठून आत गेली. मी उंबऱ्याकडं तोंड करून डोळे पुसत बसलो. शर्यतीत जिंकलेली तुझी ती गाडी खोक्यातल्या मेमरी कार्डावर तशीच आहे, एक मीटरही चाललेली नाही, आणि चालणार नाही. हे भाभीला कसं समजावून सांगावं याचा विचार करत होतो. तेवढ्यात तिनं माझ्यासाठी पाणी आणलं आणि स्टीलचा ग्लास माझ्या मागं फरशीवर ठेवला. ठण् झालं. मी इतक्या जोरात वळलो की मानेत उसण भरली, आज दुकानात तीच चोळत बसलोय. भाभी घाबरली. म्हणाली, काय झालं भाऊ? मी म्हटलं काही नाही, पाणी द्या.